कानात मशीन, तोंडावर मास्क आणि मधे प्लास्टिकचा पडदा

कोरोनात दुकानांना जे नियम लागले त्याबद्दल प्रत्येकाकडे काही ना काही सांगायला आहेच, रांगा, पांढरे गोल, टोकन, दारातली ती ताप मोजायची बंदूक. पण ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं या सगळ्यात काय झालं हे मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहितेय. माझी आई दोन्ही कानांना मशीन लावते, कानामागे बसतं ते, गेली कित्येक वर्षं. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हा आई 63 ची होती आणि घरातली सगळी खरेदी तीच करायची, किराणा, भाजी, दळण, लग्नकार्याचे आहेर, सगळं. भाव करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

मशीन लावलं की चष्मा लावल्यासारखं सगळं स्वच्छ होतं असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. मशीन आवाज मोठा करतं, सगळाच मोठा करतं, मागून जाणाऱ्या रिक्षाचा पण. स, श, फ, थ असले बारीक आवाज आईला मशीन लावूनही नीट पोचत नाहीत, ते ती समोरच्याचे ओठ बघून लावून घेते. हे आम्हाला घरात इतकं सवयीचं झालेलं की ती किती ओठांवर अवलंबून आहे ते एप्रिल 2020 ला मास्क सक्तीचे झाले तेव्हा कुठे समजलं. एका आठवड्यात सगळ्या जगाचे ओठ झाकले गेले. वरून सहा फुटांवर उभं राहायचं. साध्या सर्जिकल मास्कने आवाज तीन-चार डेसिबलने कमी होतो, एन-95 ने बारापर्यंत, आणि जातो तो नेमका बारीक आवाजच. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आणखी सहा गेले. चांगला कान असणाऱ्याला याचा फार फरक पडत नाही हो, पण ज्याचं ऐकणं आधीच काठावर आहे तो पलीकडेच पडतो.

एक गोष्ट आधीच सांगते, मास्कच्या विरोधात आम्ही कधीच नव्हतो. आईने एकदाही मास्कला नाही म्हटलं नाही, उलट सोसायटीत कुणी नाकाखाली मास्क घेऊन दिसलं की तीच पहिली बोलायची. नियम हवेच होते. फक्त ते लावताना समोर येणारं गिऱ्हाईक कसं असू शकतं याचा विचार काही दुकानदारांनी केला, बऱ्याच जणांनी केला नाही, आणि तो फरक आम्ही दोन वर्षं दारोदार बघितला.

सुरुवात किराण्यापासून. 24 मार्चला रात्री आठला घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला दोरी बांधली गेली, दोरीच्या आत एक टेबल आडवं, रस्त्यावर चुन्याचे गोल. पद्धत अशी की यादी टेबलावर ठेवायची, मागे जाऊन गोलात उभं राहायचं, आतला पोरगा सामान काढणार आणि झालं की नाव पुकारणार. बाकी सगळ्यांना ही पद्धत सोपी होती, आईचं मात्र नेमकं त्यातच अडलं, कारण मास्क घातलेला पोरगा पंधरा फुटांवरून नाव पुकारतोय, मधे पोलिसांच्या गाडीचा भोंगा चाललाय, आणि आई आपली गोलात उभी. तिचं नाव दोनदा पुकारून झालं, पोराने पुढच्याचं सामान द्यायला घेतलं. मागचा एक जण ओरडला, ओ मावशी, झोपल्या का, सरका ना पुढे. ते मात्र तिला बरोबर ऐकू गेलं. घरी आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, उद्यापासून तूच जा.

ज्या बाईने आयुष्यभर स्वतः तूर डाळीचा दाणा हातावर घेऊन बघितला ती यादी लिहून माझ्या हातात द्यायला लागली. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मी दुकानवाल्या काकांशी बोलले. त्यांना आईचं मशीन माहीत होतं, पण रांगेत काय होतंय ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, त्यांच्या पुढे तेव्हा पन्नास माणसं उभी असायची. दोन दिवसांनी बघते तर त्यांनी नातवाची ती पांढरी पाटी असते ना मार्करने लिहायची, ती दोरीला टांगलेली. यादी दिली की चिठ्ठीवर नंबर मिळायचा, सामान झालं की पाटीवर मोठ्ठ्या आकड्यात नंबर आणि खाली बिलाची रक्कम. कुणाचं नाव पुकारायचं नाही, कुणी ओरडायचं नाही. आणि हे काही एकट्या आईच्या सोयीचं नव्हतं, सगळी रांगच शांत झाली, कारण खरं सांगायचं तर मास्कमधून कुणालाच धड ऐकू येत नव्हतं, सगळे आपले दोनदा-तीनदा विचारायचे आणि विचारताना हमखास मास्क खाली ओढून पुढे सरकायचे, म्हणजे मास्क ज्यासाठी लावला तेच वाया. पाटीमुळे तेवढं तरी थांबलं. आई परत जायला लागली. काकांनी व्हॉट्सॅपवर यादीचा फोटो घ्यायला पण सुरुवात केली. आईला फोनवर बोलणं जमत नाही पण लिहिलेलं सगळं जमतं, त्यामुळे डाळ कुठली आहे, साबुदाणा नवा का जुना, असल्या तिच्या चौकश्या तिथे परत सुरू झाल्या. ज्या दुकानांची घरपोच सेवा फक्त फोन करून होती ती आमच्यासाठी बंदच होती म्हणा ना.

आता सेलचं सांगते कारण हे सगळ्यात जास्त घाबरवणारं होतं. कानाच्या मशीनला झिंक-एअरचे बटणाएवढे सेल लागतात, आईच्या मशीनला 675 नंबरचे, निळ्या स्टिकरवाले. स्टिकर काढलं की हवा लागून सेल सुरू होतो आणि मग तुम्ही मशीन वापरा न वापरा, तो उतरत जातो. दोनेक आठवडे जेमतेम. लॉकडाऊनमध्ये मेडिकल उघडे पण कानाच्या मशीनचं सेंटर बंद, आणि सेल तर बहुतेक तिथेच मिळायचे. घरात एक पाकीट होतं ते एप्रिलच्या मध्यात संपत आलं. मी सिडको, इंदिरानगर, थेट द्वारकापर्यंत एकेक मेडिकल विचारत फिरले, प्रत्येक ठिकाणी बाहेर दोरी, आतला माणूस मास्कमधून काय हवंय विचारणार, मी सांगणार, तो नाही म्हणणार. एका ठिकाणी घड्याळाचा सेल पुढे केला, ताई साइज सेम आहे बघा. साइज सेमच असते, पण तो त्या मशीनसाठी नसतो. शेवटी एका जुन्या मेडिकलमध्ये मिळाले, तारीख जवळ आलेले होते पण मिळाले. तोपर्यंत आई दिवसातून काही तासच मशीन लावायची, सेलचं दार उघडं ठेवून बाजूला काढून ठेवायची. तेव्हा रोज मास्क आणि सॅनिटायझरच्या बातम्या, सरकारने 200 मिली सॅनिटायझरला 100 रुपये अशी कमाल किंमत पण ठरवून दिली होती, ते चांगलंच झालं. पण अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत कानाचा सेल कुणाच्या डोक्यात आला नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला घोषणा पण ऐकू येत नाही, पोलिसांनी हटकलेलं पण ऐकू येत नाही. याच्यापेक्षा अत्यावश्यक काय असतं?

सॅनिटायझरचा अजून एक त्रास म्हणजे दुकानाच्या दारात हातावर भसकन ओतणार आणि आईला सवय अशी की मशीन शिट्टी मारायला लागलं (कानात सैल बसलं की मारतं ते) की लगेच हात कानाकडे. ओला हात मशीनला लागला तर अल्कोहोल माइकच्या भोकात जातं. म्हणून आमचा नियम ठरला, हात पूर्ण वाळेपर्यंत कानाला हात लावायचा नाही, मग शिट्टी वाजली तरी वाजू दे.

जूनमध्ये मिशन बिगिन अगेन, म्हणजे राज्यात टप्प्याटप्प्याने सगळं उघडणं, सुरू झालं, 5 जूनपासून दुकानं सम-विषम पद्धतीने, रस्त्याची एक बाजू आज, दुसरी उद्या, सकाळी 9 ते संध्याकाळी 5. माझ्या मामेबहिणीचं लग्न तेव्हाच होतं, पन्नास माणसांत. त्यामुळे आहेर आणि दागिना घ्यायचाच होता आणि आईशिवाय ते होणार नव्हतं. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम बंद, घेतलेलं बदलून मिळणार नाही असा नियम. साडीला ट्रायल लागत नाही पण साडी हातात घेऊन बघावी तर लागते ना, आणि एकदा हात लावलेली साडी ते बाजूला ठेवून देत होते, म्हणून पोरगा लांबूनच उलगडून दाखवणार आणि लांबूनच किंमत सांगणार. आईला साडेसातशे का साडेआठशे ते कळेना. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला तिला संकोच वाटला, मी बघितलं तिच्या चेहऱ्यावर, म्हणजे डोळ्यांवरच, बाकी काय दिसत होतं.

तर त्या दुकानाचे मालक गल्ल्यावरून उठले, दुकानाचं काचेचं दार होतं त्याच्या पलीकडे बाहेर जाऊन उभे राहिले, दार लावून घेतलं, मास्क खाली केला आणि काचेतून सावकाश, ओठ नीट हलवून बोलले, साडेसातशे, धुतल्यावर रंग जाणार नाही. आवाज आम्हाला कुणालाच आला नाही. आईला मात्र सगळं समजलं. ती काचेच्या अलीकडून म्हणाली, सहाशे द्या! तिकडून त्यांनी मान हलवली, बोटं दाखवली, इकडून हिने बोटं दाखवली, आणि सहाशे ऐंशीला साडी घेतली. त्यांचे एक काका बहिरे होते असं त्यांनी नंतर सांगितलं. मास्क क्षणभर खाली आला खरा, पण अंतर पाळलं, मधे अख्खी काच होती आणि गिऱ्हाइकाला मान दिला. मी त्या दुकानात आता बाहेरून पाहुणे आले की मुद्दाम घेऊन जाते.

त्याच आठवड्यात सराफ बाजारात उलटं झालं. दुकानाचं नाव घेत नाही. सोन्याच्या दुकानात तेव्हा दारातच मास्क एकदा खाली करायला सांगायचे, कॅमेऱ्यात चेहरा यावा म्हणून, ते ठीकच आहे, सगळेच सराफ करत होते. दारावरचा गार्ड आईला काहीतरी म्हणाला, तिला कळलं नाही, ती नुसती बघत राहिली. तो परत म्हणाला, मोठ्याने, आणि हाताने झटका मारून खूण केली. मी मागे गोलात होते, एकेकालाच आत सोडत होते. आईने घाईघाईने मास्कची दोरी ओढली. आता कानामागे काय काय असतं बघा, चष्म्याची काडी, मशीन, आणि त्यावरून मास्कचं रबर. रबर सुटलं ते मशीन घेऊनच सुटलं, ती पातळ नळी कानातून निघाली आणि मशीन टपकन खाली पडून पायऱ्यांवरून रस्त्याकडे. एका मशीनची किंमत म्हणजे आमचे कित्येक महिन्यांचे पैसे साठवलेले. मी ओरडले, थांबा कुणी हलू नका. रांगेतल्या एका कॉलेजातल्या मुलाने मोबाइलचा टॉर्च लावला, दिवसाढवळ्या, कारण मशीन कातडीच्या रंगाचं, धुळीत दिसतच नाही. पायरीच्या कडेला चुन्याच्या गोलात सापडलं. सेलचं झाकण उघडून सेल बाहेर पडलेला, मशीनला चुना लागलेला, नशीब ते चालू झालं.

गार्डची चूक मी म्हणणार नाही. त्याला दिवसभर उन्हात मास्क लावून उभं केलेलं, शेकडो माणसांना तेच तेच सांगायचं, लोक त्याच्याशी हुज्जत घालत होते ते मी स्वतः बघितलंय. पण मालकाने दारावर एक चित्र लावलं असतं, मास्क खाली करा असं दाखवणारं, तर गार्डचा पण घसा वाचला असता. आतून मॅनेजर येऊन आम्हालाच म्हणाला की मॅडम तुम्ही पेशंटला सांभाळून आणायला हवं. पेशंट! आई पेशंट नाहीये, गिऱ्हाईक आहे, सोनं घ्यायला आलेली. आम्ही तिथून निघालो आणि दागिना दुसरीकडे घेतला.

त्या दिवसानंतर घरी मी मास्कचं रबर काढून टाकलं. नाडीचे मास्क शिवले, डोक्यामागे वर एक आणि मानेवर एक गाठ, कानाचा संबंधच नाही. विकतचा मास्क असेल तर मागे दोन बटणं लावलेली पट्टी, रबर कानाऐवजी बटणात अडकवायचं. ज्यांच्या घरी मशीन लावणारं कुणी आहे त्यांना हे अजूनही उपयोगी पडेल, दवाखान्यात वगैरे कधी मास्क लावावा लागला तर. शिवाय आईच्या पर्समध्ये एक कार्ड करून ठेवलं जाड अक्षरात, मला कमी ऐकू येतं, कृपया लिहून दाखवा. सुरुवातीला ती ते काढायला तयार नव्हती, मग काढायला लागली, आणि कार्ड बघितल्यावर माणसांचं वागणं एका क्षणात बदलतं हे तिचं तिलाच कळलं.

मार्च 2021 ला नाशिकमध्ये जे झालं ते तर देशभर बातम्यांत आलं होतं, बाजारात शिरायला पाच रुपयांची पावती. आमच्या जवळचं पवननगर मार्केट पण त्यात होतं. बॅरिकेड लावलेले, पावती घ्यायची, एक तासात बाहेर पडायचं, वेळ उलटली तर 500 रुपये दंड. गर्दी कमी करायला केलं होतं आणि दुसरी लाट येतच होती, त्यामुळे हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तास संपायची वेळ झाली की माणूस ओरडून सांगणार, आणि ज्याला ते ऐकू येत नाही त्याने काय करायचं? आई पावतीवरची वेळ बघून घड्याळाकडे नजर ठेवून भाजी घ्यायची, मेथीची जुडी न निवडताच पिशवीत. काही दिवसांतच एप्रिलचे निर्बंध आले आणि ते सगळं मागे पडलं.

एप्रिल 2021 बद्दल जास्त लिहित नाही. आमच्या ओळखीतली माणसं गेली, त्या महिन्यात कुणाला दुकानांचं सुचत होतं. सकाळी 7 ते 11 किराणा भाजी उघडी, आणि आम्ही आईला घराबाहेर पडूच दिलं नाही.

त्याच वेळच्या आदेशात दुकानदारांनी गिऱ्हाइकाशी पारदर्शक काचेतून किंवा तशाच पडद्यातून व्यवहार करावा असं आलं. आणि मग गल्लीगल्लीत ते प्लास्टिक आलं, टेबलावर टाकायचं जाड प्लास्टिक असतं ना ते छतापासून खाली सोडलेलं, महिनाभरात पिवळट पडून सुरकुत्या पडलेलं. त्यातून ना चेहरा दिसतो ना आवाज येतो. खाली पैसे द्यायला एक खिडकी, मग माणसं करायची काय, तर वाकून त्या खिडकीत तोंड घालून बोलायची, दोन्ही बाजूंनी! म्हणजे एरवी दोन फुटांवरून बोललो असतो ते आता चार बोटांवरून. आणि आत एसी चालू, खिडक्या बंद. नंतर जगभरातल्या तज्ज्ञांनी सांगितलंच की हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, वस्तूंना हात लावून फार कमी, आणि बंद जागेत हवा खेळती ठेवणं महत्त्वाचं. आमच्या किराणावाल्या काकांचं दुकान तिन्ही बाजूंनी उघडं, रस्त्यावरून व्यवहार, पाटीवर आकडे, मला वाटतं अख्ख्या सिडकोत सगळ्यात सुरक्षित दुकान तेच होतं आणि त्याला खर्च आला एका पाटीचा.

लसीनंतरचे नियम त्या मानाने सोपे गेले. मॉलच्या दारात दोन डोसचं सर्टिफिकेट मोबाइलवर दाखवायचं, तिथे बोलायची गरजच नाही. नोव्हेंबर 2021 ला दंडाचे नवे आकडे आले, गिऱ्हाइकाने मास्क नाही लावला तर त्याला 500 आणि दुकानाला 10,000, आणि रुमाल बांधला तर तो मास्क धरणार नाही. तेव्हा परत दारावरची पोरं मोठमोठ्याने ओरडायला लागली, त्यांची नोकरी पणाला लागलेली. आई तोपर्यंत सरावली होती, दार आलं की आधीच कार्ड हातात.

2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला, सगळे निर्बंध उठले. त्या दिवशी आई एकटी बाजारात गेली आणि दोन तास आली नाही, येताना लागणार नाही तेवढी भाजी घेऊन आली.

पण ते पडदे सगळे गेले नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचंय. अजूनही कितीतरी मेडिकल, लॅब, बँकांच्या काउंटरवर तेव्हाची काच नाहीतर अ‍ॅक्रिलिक तसंच आहे, कुणी काढलंच नाही, मास्क गेले तरी आवाज अडतोच. ज्यांना काढायचं नसेल त्यांनी निदान रेल्वेच्या तिकीट खिडकीला असतो तसा माइक आणि स्पीकर बसवावा, नाहीतर खाली चांगली मोठी मोकळी जागा ठेवावी, चेहरा स्वच्छ दिसेल एवढी काच पुसावी आणि शेजारी एक कागद-पेन ठेवावं. मी आमच्याकडच्या एका लॅबला हे लेखी दिलंय, रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा. त्यांनी कागद-पेन ठेवलंय, काचेचं बघतो म्हणालेत, पुढच्या महिन्यात आईची शुगरची तपासणी आहे तेव्हा परत विचारणार आहे.